ऐंशी किलोचा नवस आणि लवंगी मिरची

माणूस खोटं बोलतो ते वयाबद्दल, पगाराबद्दल, नाहीतर आपण घरातून निघालो की नाही याबद्दल. "हा काय, वाटेतच आहे" हे वाक्य टॉवेल गुंडाळून बोलायची आपल्याकडे पद्धतच आहे आणि त्याचं पाप कुणाला लागल्याचं ऐकिवात नाही. नानासो मात्र स्वतःच्या वजनाबद्दल खोटं बोलले. तेही जन्मदात्या आईशी आणि तेही देवाच्या कामात. मग ते अंगाशी येणारच.

झालं असं, की जानेवारीतल्या एका सकाळी सांगलीच्या आपल्या घरात नानासो ऑफिसला जायला शर्टाची बटणं लावत होते. खालून तिसरं बटण लावताना ते श्वास आत ओढून घेत आणि तो एकदम ऑफिसच्या खुर्चीत बसल्यावर सोडत. सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक म्हणून सव्वीस वर्षं बसून काम केल्याचा तो पुरावा होता. बटण नुकतंच लागलं होतं, तेवढ्यात त्यांची आई बनुबाई दारात येऊन उभी राहिली.

"नाना, तू किती किलो भरतुयास रं?"

"कशाला गं आये?"

"भैरोबाला गूळतुला बोललीय न्हवं का मी? तू सात वर्साचा हुतास तवाची. यंदा फेडून टाकू."

हा नवस घरात सगळ्यांना ठाऊक होता. सातव्या वर्षी नानासोंना विषमज्वर झाला होता आणि पोरगं हाती लागलं तर त्याच्या वजनाएवढा गूळ वाहीन, असं बनुबाई देवाला बोलल्या होत्या. पोरगं हाती लागलं. नवस मात्र चव्वेचाळीस वर्षं तुंबला. एका वर्षी दुष्काळ पडला, एका वर्षी भावकीत सुतक आलं, मधली बरीच वर्षं शेत दिरांच्या ताब्यात होतं. बनुबाईंचा हट्ट एकच, गूळ आपल्या नावच्या उसाचा पाहिजे. गेल्या वर्षी वाटणी झाली, कराडच्या अलीकडे खोरेवाडीत त्यांच्या नावावर तुकडा आला आणि त्यातला गुंठाभर ऊस त्यांनी कारखान्याला न घालता राखून ठेवला.

"ऐंशी," नानासो म्हणाले.

ऐंशी हा आकडा अगदीच हवेतला नव्हता. लेकीच्या, म्हणजे स्वप्नालीच्या बारशाला ते ऐंशी होते. आता स्वप्नाली फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती. मधल्या काळात नानासोंनी आकडा बदलला नव्हता, इतकंच. खरं वजन होतं एक्याण्णव.

आठ दिवसांनी गावाकडून जीप आली आणि दहा-दहा किलोचे आठ रवे, म्हणजे गुळाच्या ढेपा, घरात उतरले. बनुबाई तीन दिवस गुऱ्हाळावर ठाण मांडून बसल्या होत्या, काहिलीच्या धगीनं चेहरा काळवंडला होता आणि डोळे मात्र नव्या नवरीसारखे चमकत होते. प्रत्येक रवा त्यांनी स्वतःच्या हातानं पांढऱ्या फडक्यात बांधला आणि आठही आपल्या खाटेखाली ओळीनं मांडले.

"आये, समजा गूळ थोडा कमी पडला तर?" नानासोंनी पाणी किती खोल आहे ते पाहिलं.

"कमी कसा पडंल? तूच ऐंशी म्हनलास की."

"समजा गं. तर दुकानातनं आणून—"

"दुकानातला? दुसऱ्याच्या गुळानं नवस फेडायचा म्हंजे दुसऱ्याच्या अंगठ्यानं सही करायची. तसलं मला चालायचं न्हाई." मग त्या जरा थांबून म्हणाल्या, "आन पुढल्या उसाला मी हाय का न्हाई, कुणाला ठावं? अठ्ठ्याहत्तर झाली मला. ह्यो एक नवस अंगावर हाय, तेवढा उतरला की झालं."

आता यावर कुठला मुलगा 'आये, मी अकरा किलो खोटं बोललो' असं सांगू शकेल? नानासोंना सांगता आलं नाही. यात्रा चैत्रात होती. भैरोबाच्या मंडपात सगळ्या गावासमोर, भावकीसमोर तराजूत बसायचं होतं. हातात नऊ आठवडे होते. एकच मार्ग उरला, तो म्हणजे खोटं बोललेलं खरं करून दाखवणं.

पहिला सल्ला शेजारच्या आप्पासो सुभेदारांनी दिला. आप्पासो सैन्यातून निवृत्त झाल्याला बारा वर्षं झाली होती, पण सैन्य त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं. कॉलनीतल्या कुत्र्यांनासुद्धा ते रांगेत उभं करायला बघत.

"रोज सुबह दहा किलोमीटर दौड," ते म्हणाले. नानासोंनी पहिल्या दिवशी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापर्यंत दौड केली आणि रिक्षानं परत आले. तेव्हा आप्पासोंनी मोबाईल काढला आणि त्यावर आलेला एक संदेश खणखणीत आवाजात वाचून दाखवला. तिखट खाल्ल्यानं शरीरातली भट्टी पेटते, चरबी मेणासारखी वितळते, अमुक देशातले लोक रोज मिरच्या खातात आणि त्यांच्यात कुणी जाडा नाही, वगैरे. शेवटी 'हा संदेश दहा जणांना पाठवा' असंही होतं. आप्पासोंनी तो अकरा जणांना पाठवला होता. सैन्यात कमी काम चालत नाही.

नानासो तडक स्वप्नालीकडे गेले. "बाळ, तिखटानं वजन उतरतं का गं?"

स्वप्नालीनं पुस्तकातून मान वर केली. "मिरचीत कॅप्सेसिन असतं, पप्पा. त्यानं मेटॅबॉलिझम वाढतो. पण थोडाच."

नानासोंनी ते सगळं ऐकलं. 'थोडाच' हेसुद्धा ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. सरकारी माणूस मसुद्यातला सोयीचा तेवढा भाग अधोरेखित करतो, बाकीचा संदर्भासाठी ठेवतो.

आणि नेमकी त्याच सुमारास घरात वर्षाची चटणी करायची वेळ आली. आमच्याकडे चटणी म्हणजे ताटात डावीकडे वाढायची चीज नव्हे. चटणी म्हणजे कांदा, लसूण, खोबरं, धणे आणि मिरच्या घालून डंकावर कांडलेलं वर्षाचं लाल तिखट. ते एकदा झालं की पुढच्या फाल्गुनापर्यंत आमटी, रस्सा, उसळ, सगळ्यांचं नशीब ठरून जातं. या बाबतीत घरातल्या बाईचा शब्द शेवटचा असतो आणि पुरुषांनी त्यात तोंड घालू नये, असा पूर्वजांनी घालून दिलेला शहाणा दंडक आहे. पण नानासोंची बायको राजेश्वरी भाच्याच्या साखरपुड्याला माहेरी कवठे महांकाळला निघाली होती. तिनं यादी नवऱ्याच्या हातात दिली. ब्याडगी तीन किलो, संकेश्वरी दोन किलो, लवंगी पाव किलो.

"फक्त यादीप्रमाणं आणा आणि डंकावर बसून कांडून घ्या," ती म्हणाली. "डोकं चालवू नका."

नानासोंनी डोकं चालवलं. लवंगी तीन किलो घेतली आणि ब्याडगी पाव किलो. दुकानदारानं दोनदा विचारलं, नानासोंनी दोनदा मान डोलावली.

डंकावर सात बायका नंबर लावून बसल्या होत्या. नानासोंच्या मिरच्या उखळात पडल्या, लोखंडी मुसळं दणादणा पडायला लागली आणि दुसऱ्याच मिनिटाला पहिली बाई शिंकली. मग दुसरी खोकली. मग सगळ्याजणी पदर तोंडाला लावून रस्त्यावर आल्या, समोरच्या सलूनमधलं एक गिऱ्हाईक अर्धी दाढी तशीच ठेवून पळालं आणि एक मोटरसायकलवाला डोळे पुसत दुभाजकावर चढला. डंकवाली हरणाबाई पंचवीस वर्षं या धंद्यात होती. तीसुद्धा यंत्र बंद करून बाहेर आली.

"पाव्हणं, घरात भांडाण झालंय का?"

"नाही."

"मग हुतंय," हरणाबाई म्हणाली आणि ओला टॉवेल तोंडाला बांधून परत आत गेली.

नवी चटणी झाली की पहिली वाटी शेजारी द्यायची, ही रीत. राजेश्वरी घरी नव्हती, म्हणून बनुबाईंनीच रीत पाळली. चव न बघता पाळली, कारण देण्याआधी उष्टं करायचं नसतं. वाटी आप्पासोंच्या घरी गेली. संध्याकाळी आप्पासो नानासोंच्या दारात उभे होते. डोक्यावर ओला पंचा, डोळे लाल, आणि ज्या आवाजानं कॉलनीतली कुत्री रांगेत उभी राहत तो आवाज कुठंतरी हरवलेला.

"अठ्ठावीस वर्षं," ते कुजबुजले, "अठ्ठावीस वर्षं सरहद्दीवर काढली नाना. पर ऐसा हमला कधी झाला नाही." आणि ते घाईघाईनं घरी गेले. पुढचे दोन दिवस त्यांची सकाळची परेड रद्द होती.

राजेश्वरी परत आली. पहिल्या घासाला तिनं भाकरी खाली ठेवली, तांब्याभर पाणी घशाखाली उतरवलं आणि शांतपणे विचारलं, "यादी कुठाय?" नानासोंना तिच्या ओरडण्याची भीती वाटत नसे, शांतपणाची वाटे. त्यांनी मेटॅबॉलिझमची माहिती द्यायला सुरुवात केली. ती पूर्ण झाली नाही. पण चटणी टाकायची म्हटल्यावर बनुबाई मध्ये पडल्या. "वर्साची चटनी कुनी टाकतंय व्हय? लक्षुमी हाय ती. जरा कमी घाला." विषय मिटला. पाच-सात किलोचा जाळ वर्षभरासाठी घरात राहायला आला.

पहिल्या आठवड्यात मात्र चमत्कार झाला. नानासो स्वतःच्या वाटीत दोन चमचे चटणी जादा घालून घेत. घाम इतका येई की जेवायला ते गंजिफ्रॉकवर बसत आणि मांडीवर नॅपकिन घेत. कान गरम होत, टाळूतून वाफा निघाल्यासारखं वाटे. "भट्टी पेटली," ते समाधानानं म्हणत. शनिवारी औषधाच्या दुकानातल्या काट्यावर नव्वद भरले. एक किलो उतरला! दुकानातून घरी येईस्तोवर त्यांनी तीन ओळखीच्या माणसांना थांबवून ही बातमी सांगितली. त्या आठवड्यात त्यांच्या पोटात काही राहत नव्हतं, हा तपशील त्यांनी कुणाला सांगितला नाही.

मग पोट सरावलं आणि भूक लागायला लागली. भूक म्हणजे कशी? एरवी नानासो एका वेळेला दोन भाकरी खात. आता तिखटाचा एक घास गिळायला भाकरीचा अर्धा चंद्र लागे. दोनाच्या चार झाल्या. जाळ विझवायला दही आलं. दह्यानं भागेना म्हणून लोणी आलं. लोण्यावर पुन्हा भाकरी आली. राजेश्वरी पीठ मळता मळता म्हणाली, "ज्वारीचं पोतं गेल्या महिन्यात आणलं होतं ना हो? की मला भास झाला?"

ऑफिसातही फटका बसला. फेब्रुवारीअखेर वरून तपासणी पथक आलं. साहेबांनी नानासोंना जुन्या नस्त्यांचं कपाट उघडायला सांगितलं. डबा नुकताच खाल्लेला. नानासो कपाटाशी उभे राहिले आणि कपाळावरून घाम, डोळ्यांतून पाणी आणि घशातून उचकी, अशा तिन्ही गोष्टी एकदम सुरू झाल्या. पथकातल्या बाईंनी चष्मा खाली केला.

"या कपाटात काय आहे?"

"काही (उचकी) नाही, मॅडम."

"मग तुम्ही रडताय का?"

त्या कपाटाची तपासणी अडीच दिवस चालली. सव्वीस वर्षांच्या स्वच्छ सेवेत नानासोंच्या कपाटाकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं. काही सापडलं नाही, पण 'संबंधित कर्मचारी भावनाविवश झाल्याचे आढळले' असा शेरा अहवालात गेला. तो वाचून नानासो खरोखरच भावनाविवश झाले.

आणि मग ती गोष्ट घडली. एका रविवारी दुपारी मटणाचा रस्सा झाला. जेवण झालं, दही संपलं होतं, नानासोंच्या तोंडात वणवा पेटला होता. बनुबाई बाहेर कट्ट्यावर शेजारणीशी बोलत बसल्या होत्या. नानासो त्यांच्या खोलीत गेले ते नुसते पंख्याखाली बसायला. खाटेखालून गुळाचा वास आला. वास कसला, हाकच ती. खालच्या कोपऱ्यातल्या रव्याचं फडकं त्यांनी सैल केलं, चमच्याच्या दांड्यानं सुपारीएवढा खडा काढला आणि जिभेवर ठेवला. एक्कावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यांना इतकं सुख झालं नव्हतं. देवाचा गूळ आहे, हे त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी हात जोडले, 'एवढा एकच' म्हणाले आणि दुसरा काढला.

त्यानंतर रोज एक, कधी दोन, कधी मूठभर. काढायचा तो खालच्या अंगानं, म्हणजे वरून रवा शाबूत दिसावा, ही अक्कल त्यांना लगेच सुचली. मन खात होतं, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. आई गुऱ्हाळाच्या धगीत बसली होती ते आठवलं की घास घशात अडके. मग तो उतरवायला आणखी एक खडा लागे.

मार्चच्या शेवटी छातीत जळजळ सुरू झाली, म्हणून ते कॉलनीतल्या पृथ्वीराज डॉक्टरांकडे गेले. पोरगेला डॉक्टर, पण बोलायला सरळ. त्यानं सगळी हकिकत ऐकली आणि हसू दाबायचा प्रामाणिक प्रयत्न केला.

"काका, मिरचीनं शरीर थोडी जादा उष्णता टाकतं, ही गोष्ट खरी आहे. पण किती? दिवसाकाठी अर्ध्या भाकरीची. तीही सवय झाली की कमी होते. आणि तुम्ही तिखट सोसावं म्हणून दिवसाला किती भाकरी जादा खाताय?"

"चार," नानासो म्हणाले. "आणि दही."

"आणि?"

"...आणि थोडा गूळ."

"मग भट्टी पेटली खरी," डॉक्टर म्हणाला, "पण तुम्ही तिला जळण जास्त घातलंय. काट्यावर या."

काटा चौऱ्याण्णव म्हणाला. नानासो उतरले, चप्पल काढली, खिशातल्या किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि पुन्हा चढले. काटा सरकारी नसल्यामुळं मतावर ठाम राहिला.

आता यात्रेला बारा दिवस होते आणि नवसात देवस्थान समितीनं आणखी एक पाचर मारून ठेवली होती. आदल्या वर्षी कुणीतरी तुलेत बसून चक्कर येऊन पडलं होतं, म्हणून यंदापासून 'तराजूत बसण्यास योग्य' असा सरकारी दवाखान्याचा दाखला बंधनकारक होता. दवाखान्यातल्या लिपिकानं अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"असा नमुनाच नाही. नोकरीस योग्य आहे, वाहन चालवण्यास योग्य आहे, तराजूत बसण्यास योग्य नाही."

"मी योग्य नाही?"

"नमुना नाही म्हणतोय."

नानासो स्वतः लिपिक होते, त्यामुळं त्यांना त्या माणसाचा राग आला नाही, उलट आदर वाटला. दोघांनी मिळून डोकं लावलं. शेवटी 'यात्रेस योग्य' असा एक नमुना मिळाला, तो उत्तरेतल्या बर्फाळ यात्रेचा होता. चार खिडक्या आणि दोन दिवस खर्ची घालून दाखला हातात पडला: 'सदर इसम समुद्रसपाटीपासून बारा हजार फूट उंचीवर जाण्यास योग्य आहे.' समितीनं शिक्का बघितला आणि मंजूर केला. खोरेवाडीचा मंडप जमिनीपासून दोन फूट उंच आहे.

यात्रेच्या आधीचे चार दिवस नानासो ताकावर राहिले. त्यानं चेहरा तेवढा उतरला.

चैत्रातल्या त्या सकाळी भैरोबाच्या मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. तुळईला मोठा लोखंडी तराजू टांगला होता, दोन्ही पारड्यांना झेंडूच्या माळा. बनुबाई नवं हिरवं लुगडं नेसून पुढं बसल्या होत्या. आप्पासो सुभेदारही आले होते, हातात छडी घेऊन गर्दीला रांग लावत होते. नानासो पितांबर नेसून उघड्या अंगानं उभे होते. पोट लपवायला शर्ट नव्हता आणि श्वास किती वेळ रोखणार? त्यांनी ठरवलं होतं, की पारडं वर जाईना झालं की आईचे पाय धरायचे. पण त्याआधीच एक विपरीत झालं.

ज्ञानू गुरव पुढं आला. "फडकी सोडा आता. रव्यांना हळदकुंकू लावायचं हाय."

फडकी सोडायची असतात, हे नानासोंना माहीत नव्हतं. त्यांच्या कपाळाला घाम फुटला आणि त्या घामाशी तिखटाचा काही संबंध नव्हता.

पहिला रवा उघडला. वरून घुमट, आतून गुहा. खालच्या अंगाला चमच्याच्या दांड्याच्या खुणा. मंडपात कुजबुज झाली. दुसरा उघडला. हा डाव्या बाजूनं सुरीनं नेटका कापलेला होता. नानासो चमकले. सुरी त्यांची नव्हती. तिसऱ्या रव्याला मागून बोटांनी कोरलं होतं. चौथ्याची तर टोपीच काढून पुन्हा वर ठेवलेली होती. ज्ञानू गुरव एकेक फडकं सोडत होता आणि एकेका रव्यातून घराण्याची अब्रू बाहेर पडत होती.

"उंदीर लागलं वाटतं," गर्दीतून कुणीतरी दयाळूपणे म्हणालं.

"उंदीर चमचा वापरतात होय?" दुसऱ्यानं विचारलं.

नानासोंनी मान खाली घातली. "आये, मी खाल्ला. तोंडाची आग व्हायची म्हणून."

मागून राजेश्वरीचा आवाज आला. "सुरीचा माझा आहे. ती चटणी खाऊन जीव जायची वेळ यायची हो. मला वाटलं, एका रव्यात काय कळतंय."

"बोटांचा माझा, आजी," स्वप्नाली रडवेली होऊन म्हणाली.

आता टोपीवाला रवा तेवढा उरला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. बनुबाई पदर सावरत उठल्या.

"त्यो माजा," त्या म्हणाल्या. "दात न्हाईत, तिखाट सोसत न्हाई. म्हनलं देवाला कळंल. तुमी समदीबी खाताय, ह्ये मला काय ठावं!"

आधी ज्ञानू गुरव हसला, मग सगळा मंडप. बनुबाई हसल्या नाहीत. नानासो एका पारड्यात बसले, दुसऱ्यात उरलेला गूळ चढला. नानासोंचं पारडं फरशीला टेकलं ते टेकलंच. गुळाचं वर, माळेसकट, अधांतरी झुलत राहिलं. साठ-बासष्ट किलो असेल नसेल.

चुलत भावकीतला हरिबा पुढं झाला. "काकी, माज्या घरात हाय गूळ. आत्ता आनतू."

"नगं," बनुबाई म्हणाल्या. "माजा न्हाई त्यो."

नानासोंना आता कुणाचं हसू ऐकू येत नव्हतं. समोर आई उभी होती, तिचं नवं लुगडं, काहिलीच्या वाफेनं अजून डागाळलेले हात. चव्वेचाळीस वर्षं अंगावर वागवलेला नवस आपण चमच्यानं खाल्ला, या विचारानं त्यांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी तोंड उघडलं. "आये, मी तुला ऐंशी सांगितलं ना, तेसुद्धा खोटं होतं. मी तेव्हाच एक्याण्णव होतो."

बनुबाईंनी काष्टा खोचला, ज्ञानू गुरवाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गुळाचं पारडं खाली ओढायला सांगितलं.

"आज्जी, काय करताय?"

"बसते. ह्येबी माजंच हाय. आन त्यो टोपीखालचा गूळ ह्येच्यातच हाय की, दुसरीकडं कुठं गेलाय?"

"पर आज्जी, पारड्यात जे चढतं ते देवाचं हुतंय," ज्ञानू डोकं खाजवत म्हणाला.

"मग ऱ्हाते पाच दिस देवळात. झाडलोट करते. देव काय मला इकतोय व्हय?"

नियमात बसतं की नाही, यावर समितीच्या दोन सभासदांनी तोंड उघडलं होतं, पण आप्पासोंनी छडी आपटली आणि ती मिटली. बनुबाई रव्यांच्या मधोमध मांडी घालून बसल्या. सगळी मिळून चौतीस किलोची म्हातारी. तराजू करकरला, नानासोंचं पारडं फरशी सोडून हळूहळू वर आलं, जरा हिंदकळलं आणि थांबलं. दांडी सरळ झाली. लेक आणि आई समोरासमोर, एका उंचीवर, हाताच्या अंतरावर टांगलेली.

"खोटं का बोललास रं?" बनुबाईंनी हळूच विचारलं. एवढ्या जवळून त्या कितीतरी वर्षांत बोलल्या नव्हत्या.

"लाज वाटली."

"कशाची? तुला ताप आल्ता तवा उचलला तर हाताला कायबी लागत न्हवतं. मोकळं धोतार उचलल्यावानी. समदी म्हनत हुती, देवाजवळ पोराचं आयुक्ष माग. मी आयुक्ष मागितलं न्हाई. म्हनलं, देवा, ह्याला वजान दे. उचलताना माजी कंबर मोडली पायजे, एवढं दे." त्यांनी हात पुढं करून लेकाच्या दंडाला चिमटा काढून पाहिला, बाजारात वांगं बघावं तसा. "दिलं की त्येनं. आन तू ते जाळाया निघाला हुतास, मिरच्या खाऊन!"

नानासोंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

समितीचा सचिव ध्वनिक्षेपक घेऊन पुढं आला. तुला झाली की वजन गावाला पुकारून सांगायचं असतं. त्यानं नानासोंच्या कानाशी वाकून विचारलं, "साहेब, किती पुकारू? ऐंशी म्हणू का सरळ? कोण बघतंय?"

नानासोंनी त्याच्या हातातून ध्वनिक्षेपक घेतला, पोट मोकळं सोडलं आणि सगळ्या खोरेवाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "चौऱ्याण्णव!"